फळबागेचा पैसा आणि चावडीवरची यादी



आज आम्ही तुमच्याशी एका यादीविषयी बोलणार आहोत. ही यादी फळबागेच्या अनुदानाची. गावात कोणी डाळिंब लावले, कोणी आंबा लावला, कोणी सीताफळ लावले, आणि त्यापोटी सरकारने कोणाला किती पैसे दिले, हे या यादीत लिहिलेले असते. यादी तालुक्याच्या कचेरीत असते. गावातल्या फार थोड्या माणसांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्याविषयी बोलणारे मात्र घरोघर आहेत.

पारावर बसले की ऐकू येते. एक म्हणतो, "त्येला दोन एकराचं मिळालं म्हणं. झाडं हायती कुठं?" दुसरा म्हणतो, "आपल्याला कोन इचारतंय? सगळं वरच्या वर वाटून घेत्यात." तिसरा काही बोलत नाही. त्याला अनुदान मिळालेले असते. त्याने उन्हात खड्डे खणलेले असतात, टँकरचे पाणी विकत घेऊन रोपे जगवलेली असतात. तरी तो गप्प बसतो. बोलायला गेले तर लोक म्हणणार, खाई त्याला खवखवे.

यात कोणाचे खरे, ते पारावर बसून कळायचे नाही. यादी पाहिली तर कळेल.

आधी हे पाहू, की हा पैसा येतो कोठून. बरेच जण म्हणतात, "सरकारनं दिलं." पण सरकारजवळ तरी पैसा कोठून आला? तुम्ही काडेपेटी घेता, साबण घेता, चहाची पुडी घेता. त्या किमतीत कर असतो. भूमिहीन मजूरसुद्धा तो कर भरतो. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो. हा कर १९७५ साली बसवला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. फळबागेची योजना पुढे याच रोजगार हमीला जोडली गेली. म्हणजे तुमच्या गावच्या डाळिंबाच्या मुळाशी शहरातल्या कारकुनाचा पैसा आहे, आणि काडेपेटी घेणाऱ्या म्हातारीचाही आहे. मग त्या म्हातारीने विचारले, "बाबा, माझा पैसा कुठं गेला?" तर तिला आगाऊ म्हणता येईल काय?

ही रोजगार हमी आपल्याच मुलखातली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूर गाव आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या गरिबाला काम मिळावे आणि त्या कामाने शेतीही सुधारावी, असा त्यांचा विचार. १९६५ साली विसापूरच्या परिसरात त्यांनी तो करून पाहिला. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. लाखो माणसे खडी फोडायला गेली. त्या दिवसांची आठवण सांगणारी माणसे माण-खटावात आणि आटपाडी-जतेत अजून भेटतात. १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क आधी महाराष्ट्राने कायद्यात लिहिला, देशाने नंतर.

मग १९९० साल आले. नुसती खडी फोडण्यापेक्षा शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे खणावेत, फळझाडे लावावीत, आणि त्या कामाची मजुरी त्याला मिळावी, असे ठरले. रोपांचा आणि खताचा खर्चही धरला. त्या वेळी साऱ्या महाराष्ट्रात फळबागा होत्या सुमारे अडीच लाख हेक्टर. त्यानंतर त्या कितीतरी पटींनी वाढल्या. आमच्या मते राज्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी यापेक्षा मोठे काम फार थोडे झाले. माण, खटाव, आटपाडी, जत हा कमी पावसाचा मुलूख. कृष्णाकाठी ऊस हलतो तेव्हा इकडे मेंढरे चारा शोधत फिरतात. अशा रानात डाळिंब आले, बोर आले, सीताफळ आले. आटपाडीचे डाळिंब परमुलखात विकायला गेले. तेव्हा कोणी असे समजू नये, की आम्ही योजनेला नावे ठेवायला उभे राहिलो आहोत. योजना चांगली आहे. म्हणूनच तिचा हिशेब उघडा हवा.

पुढे २००५ साली केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला. त्यातूनही फळबागा लावल्या गेल्या. त्याला जॉब कार्ड लागे, आणि दोन हेक्टरपर्यंतच लाभ मिळे. जे शेतकरी त्यात बसत नव्हते, त्यांच्यासाठी राज्याने २०१८ साली दुसरी योजना काढली. तिला भाऊसाहेब फुंडकर यांचे नाव दिले. ते राज्याचे कृषिमंत्री होते. या योजनेत पैसा एकदम द्यायचा नाही असे ठरले. पहिल्या वर्षी शंभरातले ५०, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. तेही ठरलेल्या प्रमाणात झाडे जिवंत असतील तर.

ही अट लक्षात ठेवा. पैसा झाडावर आहे, आणि झाड मोजता येते. रस्त्याच्या कामात खाली खडी किती घातली हे तुम्हा-आम्हाला कळत नाही. झाकलेले असते. फळबागेत असे काही झाकता येत नाही. झाड उभे असते, नाही तर नसते. ते बघायला इंजिनिअर लागत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. डाळिंबाच्या दोन ओळींत साडेचार मीटर अंतर ठेवतात. एका ओळीतल्या दोन झाडांत तीन मीटर. या मापाने हेक्टरी ७४० झाडे बसतात. एकराला म्हणाल तर तीनशेच्या आसपास. आंबा दहा-दहा मीटरवर लावला तर एकरी चाळीस झाडे. पाच-पाच मीटरवर लावला तर एकशे साठ. आता समजा, यादीत लिहिले आहे, डाळिंब, एक एकर. तुम्ही बांधावरून ओळी मोजल्या. वीस ओळी, दर ओळीत पंधरा झाडे. वीस गुणिले पंधरा, तीनशे. हिशेब जुळला. त्या शेतकऱ्यावरचा संशय तिथेच मिटला. समजा तिथे साठच झाडे दिसली. किंवा झाडच नाही, नुसती कुसळे. तर विचारायला जागा आहे.

पण विचारायला जागा आहे म्हणजे चोरी झाली असे नाही. येथे आम्ही जरा जोर देऊन सांगतो. डाळिंबाला मर लागते. तेल्या येतो. दोन पावसाळे कोरडे गेले की चांगल्या शेतकऱ्याची बाग वाळते. आपल्या भागात असे किती तरी जणांचे झाले आहे. बाग काढून टाकताना तो माणूस रडला असेल, आणि वर गावाने त्याला चोर म्हणावे? म्हणून आधी कागद पाहायचा. लागवड कोणत्या साली झाली, पाहणी कोणी केली, झाडे किती जिवंत लिहिली, पैसे कोणत्या हप्त्याचे निघाले. झाडे मेली आणि पुढचा हप्ता निघाला नाही, तर सारे सरळ आहे. झाडे कधी लागलीच नाहीत आणि तिन्ही हप्ते निघाले, तर प्रकरण वेगळे.

याची दुसरीही बाजू आहे. झाडे उभी आहेत, फळ धरू लागली आहेत, आणि दुसरा हप्ता मात्र आलाच नाही. असे शेतकरीही असतात. ते कचेरीचे खेटे घालतात. आज साहेब नाहीत, उद्या संगणक बंद. यादी उघडी असली तर अशा माणसाला कळते, की आपले नाव कोठे अडले आहे. कागद तालुक्याला आहे, की बँकेत आधारचा आकडा जुळत नाही, की सामाईक सातबाऱ्यावर भावकीची संमती नाही म्हणून अर्जच मागे पडला आहे. आम्हाला वाटते, चोर पकडण्यापेक्षा यादीचा हा उपयोग मोठा आहे. चोर थोडे असतात, अडलेले फार.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. माहितीच्या अधिकाराचा केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. आपल्या राज्यात त्याआधी २००२ साली असा कायदा झाला होता. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी त्यासाठी आंदोलने केली होती. केंद्राच्या कायद्याचे कलम ४ आहे. ते म्हणते, की काही माहिती कचेरीने आपण होऊन जाहीर करायची. लोकांनी मागायची वाटही पाहायची नाही. त्यात अनुदान हा शब्द स्पष्ट आहे. अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, किती रक्कम ठेवली, लाभ कोणाला मिळाला, हे सांगायचे. आमचे सांगणे एवढेच, की ही माहिती गावच्या माणसाला गावात वाचता आली पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर असेलही. पण साठीच्या माणसाने तो पडदा कोठे शोधावा? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद डकवायला किती खर्च येतो?

यादी मोठ्याने वाचली म्हणजे काय होते, ते राजस्थानात दिसले. तिथे मजूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना आहे. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग ही तिच्यातली माणसे. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी त्यांनी लोकांची सभा घेतली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि बिले सभेत वाचून दाखवली. ऐकणाऱ्यांत पुष्कळांना अक्षर येत नव्हते. पण ज्याचे नाव वाचले तो उठून सांगू लागला, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. पैसे मात्र निघालेले. एका कागदाने जे झाले ते वर्षभराच्या कुजबुजीने झाले नव्हते. असल्या सभांतूनच माहितीच्या कायद्याची मागणी जोरात पुढे आली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कलम १७ घालून कामांची तपासणी ग्रामसभेने करावी असे लिहिले गेले. फळबागाही त्या कामांतच होत्या.

येथे काही जण हरकत घेतील. ते म्हणतील, "माझ्या खात्यात काय आलं, ते गावानं का बघावं? भाऊबंद जळत्यात. उद्या उसनं मागायला दारात येतील." ही हरकत खोटी नाही. युरोप खंडातही ती निघाली. तिथल्या देशांच्या संघात शेतीला फार मोठी अनुदाने देतात. ती घेणाऱ्या सर्वांची नावे आणि रकमा जाहीर करायचा नियम झाला. जर्मनीतले शेतकरी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ९ नोव्हेंबर २०१० रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने निकाल दिला. लहान-मोठा न पाहता सरसकट प्रत्येकाचे नाव छापणे बरोबर नाही, असे न्यायालय म्हणाले. मग २०१३ साली नियम नव्याने केला. अगदी थोडी रक्कम घेणाऱ्याचे नाव झाकायचे, बाकीची नावे उघडी ठेवायची.

आपल्याकडेही हा प्रश्न नुकताच उभा राहिला आहे. वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा २०२३ साली झाला. त्याने माहितीच्या कायद्यातले एक कलम बदलले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. त्यामुळे एखाद्या कचेरीतून उत्तर येईल, "ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही." असे उत्तर आले तर दोन गोष्टी लिहून कळवा. एक, कलम ४ मधली अनुदानाची ओळ काढलेली नाही. दोन, लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे कलम ८ चे दुसरे पोटकलम अजून म्हणते.

आम्हाला विचाराल तर मर्यादा अशी असावी. नाव, गट नंबर, क्षेत्र, झाड कोणते, किती, कोणत्या साली, रक्कम किती, हे गावाचे. आधार नंबर, बँकेचा खाते नंबर, घरातले आजारपण, कर्ज, हे ज्याचे त्याचे. हे कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये. खाते नंबर फळ्यावर लावणारा कारकून आणि यादी दडवणारा कारकून, दोघेही चुकले. आणि खरे सांगायचे तर खेड्यात लपून काय राहते? कोणाच्या रानात काय उभे आहे ते गुराखी पोरालाही ठाऊक असते. झाकलेला असतो तो फक्त सरकारचा आकडा.

आता अर्जाकडे येऊ. १९५९ साली सातारा जिल्ह्यातच ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती. गावेच्या गावे साक्षर करायची तिची प्रतिज्ञा होती. मंदिरात कंदील लावून आजोबा-आज्या पाटीवर अक्षरे गिरवत. त्यांना सही करता आली याचा केवढा आनंद! पण सही करणे ही पहिली पायरी. सही कशाखाली करतो ते वाचता येणे ही दुसरी. तुम्ही आता त्या पायरीवर आहात. म्हणून हा अर्ज तुम्ही स्वतः लिहा, दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.

साधा पांढरा कागद घ्या. वर लिहा, "जन माहिती अधिकारी, तालुका कृषी अधिकारी कार्यालय" आणि तालुक्याचे नाव. खाली आपले नाव आणि पत्ता. मग लिहा, "आमच्या गावात गेल्या तीन वर्षांत फळबाग लागवडीचे अनुदान मिळालेल्या शेतकऱ्यांची यादी द्यावी. यादीत नाव, गट नंबर, क्षेत्र, फळझाड, झाडांची संख्या, दर वर्षी दिलेली रक्कम आणि पाहणीची तारीख असावी." एवढे पुरे. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आतला लागतो. रागाचे चार शब्द मनात आले तरी कागदावर आणू नका. माहिती का हवी, हेही सांगावे लागत नाही. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही, दाखल्याची नक्कल जोडायची. अर्ज दिला की पोच घ्या. पोच विसरू नका.

जमीन नावावर नसली तरी अर्ज करता येतो. सुनेला करता येतो, मजुराला करता येतो. अर्ज करणारा देशाचा नागरिक असला म्हणजे झाले. कोणाला लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगितलेले लिहून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची आहे, असे कायद्यातच आहे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर तो पाच दिवसांत योग्य कचेरीत पाठवणे त्यांचे काम.

तीस दिवसांत उत्तर यावे. नकलांचे पानामागे दोन रुपये पडतात. तीस दिवस उलटून गेले तर मात्र माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलेच नाही, किंवा अर्धवट आले, तर त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिले अपील करायचे. त्याला वीस रुपयांचे तिकीट लागते. तिथेही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाकडे वाट फार पाहावी लागते, हेही आधीच सांगून ठेवतो. नाही तर तुम्ही म्हणाल, यांनी गोड गोड सांगितले.

तेवढ्याने कंटाळू नका. पुष्कळदा अर्जापर्यंत जावेच लागत नाही. गावच्या कृषी सहायकाला आधी साधेपणाने विचारा. त्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात. ते शत्रू नाहीत. एकेकाकडे कितीतरी गावे असतात. चांगले काम केलेल्या माणसाला यादी लागलेली हवीच असते, कारण कुजबुजीचा मार त्यालाही बसतो. एकट्याने जाऊ नका. चौघे-पाच जण जा, त्यात दोन बाया असू द्या, आणि आवाज न चढवता विचारा.

यादी हातात आली की ती कोणाच्या ट्रंकेत ठेवू नका. एक नक्कल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एक शाळेत. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा भरत असते. त्या दिवशी यादी वाचायची. आधी बायांची सभा होते, तिथेही वाचायची, कारण खड्ड्यांवर राबलेल्या निम्म्या त्याच असतात. वाचताना कोणावर बोट दाखवायचे नाही. नाव, झाड, संख्या, रक्कम, आणि पुढचे नाव. ज्याला काही सांगायचे असेल तो मागाहून उठेल. त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगायचे.

आणि यादी वाचायला सरपंचांनी किंवा गुरुजींनी उभे राहू नये. साक्षरता वर्गातल्या कोणी तरी उभे राहावे. सराव असलेला माणूस एक पान दोन मिनिटांत वाचतो. नव्याने वाचायला शिकलेल्या बाईला पाच मिनिटे लागतील. कोठे अडेल, गट नंबर पुन्हा वाचावा लागेल. तेवढा वेळ सभेने थांबावे.